दोनशे सदतिसावा ठोका

“मॅडम, तुमच्या या यंत्राला फसवायचं कसं?”

एवढं विचारायला मला एक मिनिट दहा सेकंद लागले. शेजारी बसलेल्या माझ्या मैत्रिणीनं, अल्फियानं, मांडीवर घड्याळ लावून ठेवलं होतं, त्यामुळे आकडा पक्का आहे. ‘फ’वर गाडी अडली ती अडलीच. सहाशे पोरं, चौदा शिक्षक, स्टेजवर पाहुण्या मॅडम, आणि मधोमध मी उभी, ओठ मिटून, त्या ‘फ’ची वाट बघत. मागच्या रांगेत खुसखुस सुरू झाली. दोन वर्षांपूर्वीची मी असते तर तिथल्या तिथे खाली बसले असते. पण सगळ्यांसमोर प्रश्न पूर्ण विचारायची पैज होती! हरले तर महिनाभर अल्फियाची प्रयोगवही मी लिहायची, जिंकले तर महिनाभर तिच्या डब्यातली शेवयांची खीर माझी. शेवटी ‘फ’ आला. खीर माझी झाली.

हॉल हसला. पण मला नाही, प्रश्नाला हसला! हा फरक ज्यानं भोगलाय त्यालाच कळतो.

मी प्रांजल म्हेतर, दहावी ब, इचलकरंजी. लहानपणापासून बोलताना अडखळते. आठवीत मी कविता म्हणत असताना कुणीतरी व्हिडिओ काढला, माझ्या अडखळण्याला ढोलकी जोडली आणि गावभर सोडून दिला. तीन दिवसांत चाळीस हजार लोकांनी बघितला. आमच्या गल्लीतला दूधवालासुद्धा तो ठेका गुणगुणायचा. बिचाऱ्याला माहीत नव्हतं, ती मी आहे. कुणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी मात्र बोलणंच सोडलं. हजेरीला नुसता हात वर करायचे. दोन वर्षं फक्त ऐकलं. इतकं ऐकलं की जिन्यावरच्या चपलांवरून कोण येतंय आणि ते चिडलंय की नाही, दोन्ही सांगू शकायचे.

तर स्टेजवरच्या डॉ. नाईकवाडी मॅडम. राज्याच्या बालसुरक्षा प्रयोगशाळेत ‘राखण’ त्यांनीच तयार केली. गेल्या जूनपासून अठराच्या आतल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ती असते, कायदाच आहे तसा. मॅडमनी ती इतकी सोपी करून सांगितली की प्रत्येक तासाला झोपणारा आमचा ओंकारसुद्धा जागा राहिला.

माणूस टाइप करतो तेव्हा अक्षरांबरोबर मधली अंतरंही पाठवत असतो. एका ठोक्यानंतर दुसरा किती वेळानं, बोट काचेवर किती टेकलं, चुकल्यावर मागे यायला किती उशीर लागला. मेंदूचा निरोप बोटांपर्यंत नेणाऱ्या तंतूंवर एक आवरण असतं, वायरवर असतं तसं, आणि ते विशी ओलांडेपर्यंत पक्कं होत राहतं. म्हणून चौदा वर्षांच्या मुलीची बोटं भरभर पण वेडीवाकडी धावतात आणि चाळिशीच्या माणसाची सावकाश पण एका चालीत चालतात. राखण शब्द वाचत नाही. ती फक्त ठोके बघते, तेही शेवटचे शंभर. नवे आले की जुने विसरते, कारण कुणाच्या खासगी गप्पा तिला नकोतच. ठोके लहान बोटांचे असले तर समोरच्याच्या फोटोभोवती हिरवं कडं, मोठ्या माणसाचे असले तर लाल. ज्या मुलांना दिसत नाही त्यांच्यासाठी ‘ठोके ऐका’ असं एक बटणही आहे. ‘मी पण नववीतच आहे गं’ म्हणत एखादा काका आला की त्याचं कडं लाल. खेळ खल्लास.

“फसवता येत नाही,” मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या. “बोटांना खोटं बोलायला शिकवता येत नाही. पण प्रश्न मस्त आहे. कुणाला जमलेलं दिसलं तर थेट मला फोन कर.” आणि त्यांनी फळ्यावर स्वतःचा नंबर लिहिला.

सगळे टाळ्या वाजवत होते. शाल्मली चौगुले सोडून. पैज अल्फियाची होती, पण प्रश्न सुचवला होता शाल्मलीनं. गणितात तालुक्यात पहिली येणारी आमची शाल्मली खाली मान घालून बाकाचं लाकूड नखानं खरवडत होती.

मधल्या सुट्टीत मी आणि अल्फियानं तिला पाण्याच्या टाकीमागे गाठलं.

“फसवता येत नाही म्हणाल्या ना?” ती म्हणाली. “म्हणजे ती खरंच मुलगीच आहे.”

“कोण?” अल्फियानं विचारलं.

ओजस्वी. नाशिकची, नववीतली, हिरव्या कड्याची. चार महिन्यांपूर्वी मेंदीच्या नक्षीवरून ओळख झाली. पूर्वी अनोळखी माणसाशी बोलताना आम्ही शंभरदा विचार करायचो. आता कडं हिरवं दिसलं की विचार संपला, गप्पा सुरू. शाल्मलीनं तिला मावसबहिणीच्या लग्नासाठी घागरा घालून बघितला त्याचा फोटो पाठवला. साधा फोटो. गेल्या आठवड्यात ओजस्वीनं त्याचं भलतंच काहीतरी बनवून परत पाठवलं. मी ते बघितलं नाही. तिनं दाखवलं नाही, मी मागितलं नाही. खाली लिहिलं होतं: शनिवारी चार वाजेपर्यंत मी सांगेन तसे खरे फोटो पाठव, नाहीतर हा तुझ्या वडिलांना आणि वर्गाच्या ग्रुपवर जाईल.

“मार तिच्या!” अल्फिया उसळली. “पत्ता काढ तिचा. आपण तिघी नाशकात जाऊन तिची वेणीच धरू.”

“गप की गं,” शाल्मली रडायला आली होती. “ताईला एका मुलाचा फोन आला म्हणून बाबांनी तिचं कॉलेज बंद केलं. मला तर दहावीची परीक्षासुद्धा देऊ देणार नाहीत. कुठल्याच मोठ्या माणसाला सांगायचं नाही. शपथ घ्या.”

“शपथ,” मी म्हणाले. नेमका हाच शब्द अजिबात अडखळला नाही, त्याचा मला अजून राग येतो.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही अल्फियाच्या गच्चीवर बसलो. मला एक कल्पना सुचली होती, खरं तर हट्टच. दोन वर्षं कान एवढे तासलेत, तर वापरून बघू. शाल्मलीच्या फोनवर ‘ठोके ऐका’ चालू केलं आणि माझा फोन रेकॉर्डिंगला लावून शेजारी ठेवला. शाल्मलीनं एवढंच लिहिलं: समजलं नाही.

पलीकडून पानभर आलं. टक, टकटक, टक. शब्द शाल्मली एकटी वाचत होती. मी डोळे मिटून नुसते ठोके ऐकत होते. लहान मुलीचेच ठोके, मध्येच धावणारे, मध्येच ठेच लागणारे. अल्फियाच्या भाषेत सांगायचं तर पोरगी गोट्या सांडत चाललीय. तरीही काहीतरी बोचत होतं. उंबरठ्यावर पाय अडखळतो तसं एक अडखळणं होतं, आणि ते मला ओळखीचं वाटलं. मीच ते आधी ऐकलंय असं वाटलं. कुठे, ते कळेना.

“काय कळलं?” अल्फिया.

“कळलं नाही. पण क... क... कायतरी आहे.”

“कायतरी तर वडापावातपण असतंय, प्रांजे!”

तेव्हा आम्ही तिघी हसलो. शाल्मली आठवड्यात पहिल्यांदा हसली.

शनिवारी सकाळी मी पप्पांचा डबा घेऊन यंत्रमागाच्या कारखान्यात गेले. पप्पा जॉबर आहेत, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. त्यांच्या शेडमध्ये चोवीस माग एकदम धडधडतात. तिथं बाहेरचा माणूस आला तर कानावर हात ठेवून पळून जातो. पप्पा मात्र दारातच थांबतात, मान जराशी तिरकी करतात आणि म्हणतात, “अकरा नंबर बंद करा.” बंद केलेल्या मागाला कधी बोल्ट ढिला निघतो, कधी पट्टा फाटलेला. ते तीस वर्षं हेच करताहेत, आणि संगणकावर चालणारे नवे माग लावलेल्या शेजारच्या कारखान्यातूनही त्यांना बोलावणं येतं.

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी शपथ घेतली होती ती शाल्मलीची गोष्ट न सांगण्याची. ठोक्यांत तर शब्दच नव्हते!

“पप्पा, हे आ... आइका जरा.” मी त्यांना शेडच्या मागे नेलं आणि स्पीकर चालू करून फोन त्यांच्या कानाशी धरला.

पप्पांनी चपातीचा घास हातातच धरला. मान तिरकी झाली. दोन मिनिटं गेली, तीन गेली.

“ह्याचा दात तुटलाय,” ते म्हणाले.

“कशाचा?”

“ज्याचं कुणाचं हाय त्याचा. चाकाचा दात तुटला की दर फेऱ्याला त्याच जागी ठोका चुकतोय बघ. आता... आता येईल... हां!” त्यांनी दुसऱ्या हातातला पाना भिंतीवर ठोकला, आणि नेमकं त्याच क्षणी फोनमधली ती उंबरठ्यावरची ठेच वाजली. “कुठल्या कंपनीचा माग आणलास गं हा?”

मी रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलं. बोटांवर जमेना म्हणून खडूनं भिंतीवर रेघा ओढत गेले. एका ठेचेपासून पुढच्या ठेचेपर्यंत दोनशे सदतीस ठोके. तिथून पुढच्या ठेचेपर्यंत परत दोनशे सदतीस. तिसऱ्यांदाही तेवढेच. गच्चीवर ते ओळखीचं वाटलं ते म्हणूनच, तीच ठेच परत परत येत होती.

“पप्पा, माणूस असं चुकेल का?”

“माणूस? छ्या. तू ‘फ’वर अडकतीस, पण दरवेळी सारखीच अडकतीस का? कधी लगेच सुटतीस, कधी मला मधे तोंड घालावं लागतंय. हे यंत्र हाय, बाळ.”

राखण शंभर ठोके आठवते. फेरा दोनशे सदतीसचा. म्हणजे फेरा पूर्ण झालेला तिला दिसणारच नव्हता, कधीच नाही!

अकरा वाजले होते. चार वाजायला पाच तास. मी पप्पांना म्हटलं, मला दहा मिनिटं द्या, काही विचारू नका. आणि शाल्मलीला फोन केला.

“मी शपथ मोडतेय,” मी म्हणाले. “आधी तुला सांगून मोडतेय. ओजस्वी मु... मुलगी नाहीये. ओजस्वीच नाहीये. यंत्र आहे ते, आणि यंत्रामागे कुणीतरी मोठा माणूस.”

“म्हणजे माझ्यासारख्याच एका मुलीनं माझ्याशी असं केलं नाही?”

“नाही.”

“मग मोड,” ती म्हणाली.

आता गंमत ऐका. चिडावं की हसावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. आधी मी मुलांच्या मदतवाहिनीला फोन लावला, कारण नियम तसा आहे. तिथं माणूस नसतो, गोड आवाजाचं यंत्र असतं. “तुमची अडचण सांगा.” मी ‘फ... फ... फोटो’ म्हणेपर्यंत ते म्हणालं, “आपला आवाज ऐकू आला नाही. धन्यवाद.” फोन कट. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी ‘फोटो’ टाळून ‘चित्र’ म्हणाले, तर त्यानं मला चित्रकला स्पर्धेची माहिती दिली! पप्पा हात पुढे करून म्हणाले, “आण, मी बोलतो.” मी फोन दिला नाही. वहीत उतरवून घेतलेला फळ्यावरचा नंबर काढला आणि तोच लावला.

“नाईकवाडी बोलतेय.”

“म... म... म...”

मी थांबले. आता कट होणार. झाला नाही.

“सावकाश,” त्या म्हणाल्या. “मी ओळखलं तुला. ज्या मुलीचा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही ती तू. मी कुठेही जात नाहीये.”

मग मी सगळं सांगितलं. सव्वीस मिनिटं लागली. त्यांनी एकदाही माझं वाक्य पूर्ण करून दिलं नाही. दोनशे सदतीस म्हटल्यावर पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

त्यांनी रेकॉर्डिंग मागवलं, तासाभरात परत फोन केला आणि सगळं उलगडून सांगितलं. त्या माणसानं एका खऱ्या मुलीचे दोनशे सदतीस ठोके चोरून साठवले होते. तो बहुधा तोंडी बोलायचा, त्याचा प्रोग्राम त्या चोरलेल्या ठोक्यांवर अक्षरं बसवायचा, आणि ठोके संपले की पहिल्यापासून सुरू करायचा. “आम्ही तुमच्या गप्पा जपायला राखणीला विसराळू केलं,” मॅडम म्हणाल्या, “आणि तो त्या विसरण्यात जाऊन बसला. आताही ती ठोके जमवणार नाही, फक्त त्यांची एक छोटी खूण ठेवेल आणि तोच फेरा परत आला तर ओळखेल. ही नवी राखण चारच्या आत सगळ्या फोनवर सोडते. पोलिसांतल्या मॅडम निघाल्यात. मुलीच्या घरी कोण आहे?”

घरी शाल्मलीची आई होती. वडील दुकानात. पप्पा, मी आणि अल्फिया अडीचला तिथे पोचलो. शाल्मलीनं आईला स्वतःच सांगितलं, आमच्यासमोर, एका दमात. काकू पदराचं टोक पिळत ऐकत होत्या.

“हे बाबांना कळलं की माझी शाळा...” शाल्मली म्हणाली.

“तू घागरा घातलास म्हणून तुझी शाळा बंद करायची?” काकूंचा आवाज चढला. “आणि त्यानं काय काय केलं त्याचं काय? एका पोरीच्या वेळी गप्प बसले मी. आता बसणार नाही. तुझ्या बाबांना मी सांगते. तू फोन हातात धर.”

तीन वाजून वीस मिनिटांनी, आमच्या पाच जणांच्या डोळ्यांदेखत, ओजस्वीचं हिरवं कडं एकदा लुकलुकलं आणि लालभडक झालं.

अल्फियानं अशी किंकाळी फोडली की शेजारच्या आजी धावत आल्या. काकूंनी शाल्मलीला छातीशी धरलं. पप्पा भिंतीकडे तोंड करून उगाच चष्मा पुसत बसले. आणि मी नाचले! खरंच नाचले, चौगुल्यांच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, चपला घालून. मग मॅडमचा निरोप आला. त्या एका दुपारी राज्यात तीच युक्ती वापरणारी चारशे एकोणीस हिरवी कडी लाल झाली होती. चारशे एकोणीस! कुठे परभणीत, कुठे चिपळुणात, कुणाकुणाच्या हातातल्या फोनवर.

चार वाजले. काहीही झालं नाही. पोलिसांनी त्याचं खातं गोठवलं होतं. दोन दिवसांनी तो सापडला. एकेचाळीस वर्षांचा, बऱ्यापैकी नोकरीतला. ठोके त्यानं कुणाचे चोरले होते तेही कळलं. स्वतःच्या मुलीचे. ती आठवीत आहे. गृहपाठ टाइप करताना तिच्या फोनवरून त्यानं ते उचलले होते. मी तीन दिवस जे अडखळणं कानात घेऊन फिरले, ते एका खऱ्या मुलीचं होतं आणि तिला काहीच माहीत नव्हतं. ते ऐकल्यावर त्या दिवशी मला खीर गेली नाही.

शाल्मली सोमवारी शाळेत आली. चौगुले काकांनी दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी तिला स्वतः गाडीवरून सोडलं. काकूंनी मोठ्या ताईच्या कॉलेजचा अर्जही आणून टेबलावर ठेवलाय म्हणे.

मला वाटलं, झालं. पण खटला उभा राहिला आणि त्या माणसाच्या वकिलानं नवंच काढलं. बोटं लहान मुलीची आहेत हे सरकारी यंत्रच सांगत होतं, तेव्हा हे दोन मुलींचं भांडण आहे. शाल्मलीचं सगळं बोलणं, सगळे फोटो न्यायालयात उघडा. म्हणजे त्या बापानं स्वतःच्या मुलीलाच पुढे केलं! नाईकवाडी मॅडम आमच्या घरी आल्या आणि दोन वाटा सांगून गेल्या. मी लेखी जबाब देऊ शकते. पण कागदाला उलट प्रश्न विचारता येत नाहीत म्हणून वकील शाल्मलीला बोलवायचा आग्रह धरेल. किंवा मी समोर बसून सांगायचं, ठोके कसे ऐकले, कसे मोजले, त्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. मग खटला ठोक्यांवर चालू शकतो. ठोक्यांत शब्द नाहीत, फोटो नाहीत. शाल्मलीचं काहीच उघडावं लागणार नाही.

परवा रविवारी, पोहे खाताना, आईनं विषय काढला.

“लिहून दे गं बाळा. किती छान लिहितेस तू. तो वकील तुला मुद्दाम घाई करणार, मधे मधे तोडणार. भरल्या खोलीत परत ते नको.”

“आणि काय करायचं ते शाल्मलीचे आईबाप बघतील की,” पप्पा म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

“मी ठरवलंय,” मी म्हणाले. “मी स... स...”

‘साक्ष’वर गाडी अडली. आईचे ओठ हलले, माझा शब्द पुरवायला, रोजच्या सवयीनं. मग तिनं ते मिटून घेतले. पप्पांनी चमचा खाली ठेवला. दोघं थांबले. किती वेळ, कुणी मोजला नाही.

“साक्ष देणार आहे. बोलून. सगळी. त्याला तोडू दे, मी परत पहिल्यापासून सुरू करीन. सकाळी सुरू केली तर संध्याकाळ होईल, कदाचित दुसरा दिवसही लागेल. म्हणून पप्पा, तुम्ही दोन दिवसांची सुट्टी टाका. आणि आई, डबा दोन वेळचा दे.”